शेगडीवर वाजलेली थंडी

पारा एकशे चारच्या पुढे गेला होता, आणि सीताबाई सुनेच्या बाजेखाली आणखी दोन निखारे सरकवत होत्या.

"ते नको," मी म्हटलं. "शेगडी बाहेर न्या."

"थंडी वाजता तिका," सीताबाई म्हणाल्या. "दात बगा कशे वाजतत."

दात वाजत होते हे खरं. सुमनच्या अंगावर दोन घोंगड्या होत्या. चेहरा लाल, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी सात दिवसांची मुलगी कपड्यात गुंडाळून ठेवलेली. ती रडत होती आणि आईला ते ऐकू येत नव्हतं.

मी सुमनचं मनगट धरलं आणि घड्याळ बघून नाडी मोजली. मिनिटाला एकशे चौतीस. पुन्हा मोजली. तेवढीच.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या उपकेंद्रात नर्स होते. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक स्टोव्ह आणि पाच गावं. बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. ती गावातली दाई करायची आणि मी पुढच्या दिवसांत भेटी द्यायची. पहिला दिवस, चौथा, सातवा, दहावा. प्रत्येक भेटीत ताप, नाडी, पोट आणि अंगावरून जाणारा स्राव बघायचा आणि रजिस्टरला लिहायचं. काम एवढंच. नीट केलं तर पुरेसं.

आमच्या गावातली दाई म्हणजे जानकीकाकी. तेव्हा साठीच्या पुढची. बाळंतपण झालं की तिचं काम संपत नसे. रोज सकाळी ती त्या घरी जायची, बाळंतिणीला खोबरेल तेलाने चोळायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची, मग बाजेवर निजवून खाली शेगडी ठेवायची. याला शेक म्हणतात. त्यावर ओवा आणि लसणीच्या साली टाकून धुरी. खोलीची खिडकी बंद. खायला उकड्या तांदळाची पेज, सुंठ, कुळथाचं कढण. साधं पाणी जवळजवळ नाहीच. पाण्याने पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं म्हणत. अकरा दिवस सुवेर, म्हणजे घराला आणि सगळ्या भावकीला बाळाच्या जन्मामुळे लागणारा विटाळ. तेवढे दिवस बाळंतीण उंबरा ओलांडत नसे.

मला यातलं सगळंच पटत नसे. पण चोळण्यामुळे, गरम अन्नामुळे आणि सक्तीच्या विश्रांतीमुळे बायका बऱ्या व्हायच्या, हेही मी बघत होते. त्या घरांतल्या सुनांना वर्षभरात बसायला मिळायचं ते याच दिवसांत. म्हणून मी पाण्यावरून भांडायची, बाकी सोडून द्यायची.

सुमनकडे चौथ्या दिवशी गेले तेव्हा ती नुकतीच शेकावरून उठून बसली होती. घामेजलेली. काखेत थर्मामीटर लावला तर एकशे एक. मी मनाशी म्हटलं, अर्धा तास निखाऱ्यांवर झोपलेल्या बाईचं अंग तापलेलंच असणार. खरं तर थोडं थांबून पुन्हा ताप घ्यायला हवा होता. नाडी मोजायला हवी होती. पण पुढच्या गावात लसीकरण होतं. रजिस्टरला लिहिलं, "ताप १०१, शेकामुळे." आणि निघाले.

पाचव्या दिवशी दुपारी काकी उपकेंद्रात आली. मी महिन्याचा रिपोर्ट भरत होते.

"सिस्टर, सुमन शेगडीवर रवान थंडी वाजता म्हणता. ह्या काय बरा दिसना नाय."

"दूध उतरतंय, काकी. कणकण येते. पाणी द्यायला सांगा."

"पाणी! सीताबाय माकाच पाण्यात बुडवीत."

मी हसले. तीही हसली, पण लगेच उठली नाही. दाराच्या चौकटीला टेकून थोडा वेळ उभी राहिली. मी मान खाली घालून पुढचा रकाना भरत होते. मग ती गेली.

शेगडीवर असलेल्या बाईला थंडी वाजते, याचा अर्थ मला ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी शिकवला होता. ताप आतून चढत असला की बाहेरची ऊब पुरत नाही. पुस्तकात ते इंग्रजीत होतं. काकीने ते मालवणीत सांगितलं, म्हणून की काय, मला ओळखू आलं नाही.

आता सातव्या दिवशी मी सुमनचं पोट तपासलं. बाळंतपणानंतर गर्भाशय रोज थोडं थोडं आकसून खाली उतरतं. सातव्या दिवशी ते बेंबीच्या बरंच खाली जायला हवं. सुमनचं बेंबीलाच होतं, मऊ, आणि हात लावताच ती कण्हली. घोंगडी बाजूला केली तेव्हा वास आला. ओव्याच्या धुरीने तो इतके दिवस झाकला होता.

मी अंगणात आले. तिचे सासरे, आबा, तुळशीपाशी बसले होते. सुमनचा नवरा ट्रॉलरवर होता, रत्नागिरीच्याही पलीकडे. त्याला निरोप पोचायला चार दिवस लागले असते. निर्णय आबांचा होता.

"हिला आत्ता न्यायला हवं. आधी पीएचसीत, तिथून मोठ्या दवाखान्यात."

पीएचसी, म्हणजे आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र, खाडीपलीकडे होतं.

आबा शांत माणूस. ओरडले नाहीत. "सिस्टर, तुमी शिकलेली माणसा. पण अकरा दिस सरल्याबगर आमच्या घरातली बाळंतीण उंबरो वलांडना नाय. आजपर्यंत कोणी वलांडूक नाय."

"अकरावा दिवस ती बघणार नाही."

"तसा नको बोला. देवाक इचारूक होया."

"मग विचारा ना! आत्ता विचारा."

"सुवेरात देवळाची पायरी चढूची कशी? कौल लावचो कोणी?"

कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि आधी कुठल्या बाजूची पडते ते बघून देवाचं उत्तर समजायचं. या भागात लग्न, विहीर, जमिनीचा वाद, काहीही कौलाशिवाय होत नसे. आणि इथे पेच असा पडला होता की बाईला बाहेर काढायला कौल हवा, आणि कौल घ्यायला सुवेर फिटायला हवं. सुवेर फिटायला अजून चार दिवस होते.

मी सेप्टिक म्हटलं. जंतू म्हटलं. रक्तात विष पसरतंय म्हटलं. माझा आवाज चढत गेला तसे आबा आणखी शांत होत गेले. सीताबाई दारात येऊन उभ्या होत्या. "दुधाचो ताप तो. माकाय इल्लो," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

पडवीच्या खांबाशी जानकीकाकी होती, हातात तेलाची वाटी. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तिने वाटी खाली ठेवली.

"आबानू, देवाक कित्या तरास देतास?"

आबांनी वर बघितलं.

"वारेचो तुकडो भुतूर रवलो आसा," काकी म्हणाली. वार म्हणजे पोटात बाळाला पोसते ती. बाळामागून ती पूर्ण बाहेर पडावी लागते. तुकडा जरी राहिला तरी आत सडतो. "पडली तेवा एक कड फाटल्यासारी दिसली माका. म्हटलंय, आसतली तशीच. आणि पुरून टाकलंय."

काकी अंगणात उतरली.

"जा काय माणसाक ठावक नाय, ता देवाक इचारतत. ह्या माका ठावक आसा. ह्यात देवाचा काय नाय. माझ्या हाताची चूक आसा."

सीताबाई पायऱ्या उतरून तिच्या अंगावर धावून गेल्या. "सात दिस! सात दिस माझ्या घरची पेज पिलंस आणि गप रवलंस? रांडे, चेडू तुझ्या हातात दिलंय मी!"

"शिव्या मगे घाल, वैनी," काकी म्हणाली. "ओहोटी लागली. अर्ध्या तासान होडी चिखलात रुतात."

आबांनी खाडीकडे नजर टाकली. पाणी खरंच उतरत होतं. ते उठले, धोतर वर खोचलं आणि शेजाऱ्यांच्या दिशेने हाक मारली, "खुर्ची हाडा रे! आणि दोन बांबू!"

मी त्या वेळी अंगणाच्या मधोमध उभी होते. माझ्या पिशवीत रजिस्टर होतं. त्यात चौथ्या दिवसासमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "शेकामुळे." काकीला शंका पाचव्या दिवशी आली आणि ती माझ्याकडे येऊन गेली, हे तिथे दोघींनाच माहीत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी बोलले असते तर एक वाक्य पुरलं असतं. मी पिशवी खांद्याला लावली आणि खुर्चीला दोरी बांधायला गेले.

होडी धक्क्यापासून पन्नास पावलांवर चिखलात टेकलीच होती. चार माणसांनी खुर्ची खांद्यावर घेतली आणि गुडघाभर चिखलातून पुढे गेले. मागून सीताबाई बाळ घेऊन, त्यांच्या मागे काकी. कोणी तिला या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. होडीत सुमनचं डोकं तिनेच मांडीवर घेतलं. मी पाणी पाजलं, चमच्याने. या वेळी सीताबाईंनी अडवलं नाही.

मध्येच सुमनने डोळे उघडले. "शेगडी खंय गेली?"

"फुडे आसा, बायो," काकी म्हणाली. "दवाखान्यात मोठी शेगडी आसा."

सुमन पुन्हा बोलली नाही. मी पलीकडच्या काठापर्यंत तिचं मनगट सोडलं नाही. नाडी मोजता येत नव्हती एवढी बारीक झाली होती. आहे की नाही, एवढंच बघत होते.

पीएचसीच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे सलाइन लावली, इंजेक्शन दिलं आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितलं. मग मला बाजूला घेतलं.

"ताप कधीपासून?"

"आज एकशे चार होता."

"ते मी बघितलं. कधीपासून?"

मी रजिस्टर उघडून दिलं. त्यांनी ती ओळ वाचली. परत वाचली.

"शेकल्यावर अंग तापतं, कबूल," ते म्हणाले. "थंडी वाजते का?"

"नाही, सर."

"जीपमध्ये बसा. रस्त्यात बीपी घेत राहा."

ते पुढे कधी त्या विषयावर बोलले नाहीत. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

मोठ्या दवाखान्यात सुमनच्या पोटातून वारेचा तुकडा काढला. सुपारीएवढा होता. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी तिने मुलीला ओळखलं. दूध आटलं होतं, ते पुढे थोडं परत आलं. तोवर सीताबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून नातीला वाटीचमच्याने दूध पाजत होत्या. बाळंतपणापासून सतराव्या दिवशी सुमन घरी आली. अकरावा दिवस कधी उलटला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

काकीचं मात्र काम गेलं. गावात बातमी एकच पसरली, जानकीने वार ठेवली. वर्षभर तिला कोणी बोलावलं नाही. वाटेत बायका टोमणे मारत, "काकी, खंय निघालंस? वार इसारलंस काय?" ती म्हणे, "होय गो, तुझीच सोधतंय." आणि पुढे जाई. माझ्याकडे ती पूर्वीसारखीच यायची. एकदाही विषय काढला नाही. मी काढेन याची वाट बघत होती असंही कधी वाटलं नाही, आणि तेच मला सोयीचं झालं.

या पावसाळ्यात काकी गेली. नव्वदी ओलांडून शंभरीच्या घरात आली होती. मी कणकवलीला असते, निरोप उशिरा मिळाला, अंत्यदर्शन झालं नाही. तेव्हापासून हे लिहितेय. रोज थोडं. काही दिवशी एक ओळ.

एक गोष्ट लिहायची राहिली. सुमनच्या मुलीचं बारसं तेव्हा दुसऱ्या महिन्यात झालं. मला बोलावणं होतं, काकीला नव्हतं. जेवणं झाल्यावर मी सीताबाईंना मागच्या पडवीत गाठलं आणि सगळं सांगितलं. चौथा दिवस, एकशे एक, रजिस्टर, काकी पाचव्या दिवशी येऊन काय म्हणाली आणि मी काय उत्तर दिलं.

सीताबाई पानं आवरत होत्या. आवरायच्या थांबल्या नाहीत.

"ह्या तेवाच सांगूचा होता, सिस्टर," त्या म्हणाल्या. "ती आंगणात एकटीच उबी होती."

ते वर्ष सरल्यावर त्यांच्या पुतणीच्या बाळंतपणाला त्यांनी काकीला बोलावणं धाडलं. मग हळूहळू बाकीच्या घरांनीही. पुतणीच्या बाळंतपणाला मी हजर होते. काकीने वार परातीत धुऊन माझ्यासमोर पसरली, कडेकडेने बोट फिरवून दाखवली, आणि मी ती पूर्ण असल्याचं रजिस्टरला लिहिलं. पुढे त्या गावात ही रीतच झाली. नर्सने बघितल्याशिवाय वार पुरायची नाही.

ताप शेकाच्या आधी बघायचा, वार पुरण्याआधी बघायची, या दोन गोष्टी मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक दाई-प्रशिक्षणात शिकवल्या. चूक झाल्यावर ती कोणत्या अंगणात आणि किती वेळात बोलायची, हे मात्र शिकवलं नाही. ते मला उशिरा कळलं होतं, आणि उशिरा कळलेलं शिकवायचा मला अधिकार नव्हता.