गोविंदशेठच्या दुकानातल्या झाडू-पोछा मशिनी

घर कितीबी झाडा, दुसऱ्या दिवशी दाराआड कचरा असतोच. कुठून येतो, देवाला ठाऊक! दुकानातल्या किश्श्यांचं तसंच हाय. आम्ही तिघं कव्हाबी चहाला बसलो की एकानं "ती मंठ्याची पार्टी आठवती का?" म्हणायची देर. मंग चहा गार होतो, मेकॅनिक सलीमभाई मांडीवर थापा मारतो अन् गोविंदशेठ हासून हासून डोळे पुसतेत.

आता ते दुकान न्हाई. शेठच्या गुडघ्यांनी दगा दिला, ते नाशिकला लेकीकडं गेले. जालन्याला आले की भेटतेत. सलीमभाईनं रिपेअरिंगचं स्वतःचं दुकान टाकलं. मी एका मोठ्या शोरूममधी लागलो. गळ्यात पट्टा, अंगात कंपनीचा टी-शर्ट. सगळं बराबर हाय, पण तिथं एकबी किस्सा होत न्हाई! गिऱ्हाईक येतं, मोबाईलवर भाव बघतं अन् निघून जातं. कोणी पाणीसुदिक मागत न्हाई. जुन्या दुकानाची लई आठवण येते, खरं सांगतो.

तर त्या मशिनी. कूलर-मिक्सर इकता इकता शेठनं एक दिवस झाडू-पोछा करणारे दोन रोबो आणून ठिवले. दोन्ही गोल, थाळीएवढे. लहानी झाडायची, पुसायची, पण तिच्या पोटातला कचरा आपण काढायचा अन् फडकंबी आपणच धुवायचं. मोठीसोबत तिचं स्टेशन होतं, गव्हाच्या कोठीएवढं. काम झालं की ही बाई आपली आपण स्टेशनात जाणार, कचरा तिथं टाकणार, फडकं धुणार अन् गरम हवेनं वाळवणार!

सलीमभाईनं स्टेशनभोवती एक चक्कर मारली अन् म्हणला, "शेठ, ये तो काम करके थकी के सीधा मायके! नसीबवाली है."

शेठ म्हणले, "अंकुश, हे इकायचं काम तुझं. जालन्यात फरशी पुसायला मशीन कोण घेईन, मला तर बिलकुल दिसत न्हाई."

*

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कमलकाकू. दुकानामागच्या गल्लीतच त्यांचं घर. काका गेल्यापासून एकट्याच राह्यच्या. पोछा मारता मारता पाय घसरला अन् हात मोडला. पुण्याहून पोरगा आला, संदीप. इंजिनीअर माणूस. त्याचं एकच म्हणणं, "आई, बास झालं. आता पुण्याला चल."

काकू काही हालायला तयार न्हाईत. शेवटी मायलेकात तोड निघाली: मशीन घ्यायची. मशीन नीट चालली तर काकू जालन्यात राहणार. न्हाई चालली तर सामान बांधायचं अन् पुणे गाठायचं.

संदीप लहान-मोठ्या मशिनींचं काय काय विचारू लागला. सक्शन किती, बॅटरी किती, नकाशा कसा काढती. मी सांगून राह्यलो. तेवढ्यात त्याला फोन आला अन् तो बाहीर गेला. काकूंनी प्लास्टरचा हात काउंटरवर ठिवला अन् हळूच म्हणल्या, "अंकुश, मला ते काही कळत न्हाई. कोणतीबी दे, पण बंद पडणारी दिऊ नको. माझं घर तिच्यावर हाय बाबा."

लहानीचं फडकं एका हातानं कसं पिळणार? मोठी दिली, स्टेशनवाली. संदीपनं ती आपल्या मोबाईलला जोडून घेतली. रोज सकाळी नऊला पुण्यात बसल्या बसल्या त्याला दिसणार, आईच्या घरात झाडून झालं का न्हाई ते!

*

घरी जाऊन डेमो द्यायचा म्हणजे आमचा जीव जायचा. मशीन वाईट होती म्हणून न्हाई, बाया चांगल्या होत्या म्हणून!

एमआयडीसीत सळईच्या मिलमधी एक सुपरवायझर होते. मिलची काळी धूळ कपड्यातून, बुटातून घरात यायची, म्हणून त्यांनी बोलावलं. म्हणले, "दोन्ही मशिनी आणा. कोणती जास्त कचरा उचलती, समोर समोर बघू."

मी अन् सलीमभाई दोन्ही घेऊन गेलो. सोडल्या. दोघी साऱ्या घरात फिरल्या. सोफ्याखाली गेल्या, पलंगाखाली गेल्या. डबे उघडले तर दोन्हींत मिळून एक केस अन् एक टिकली!

साहेब मोठ्यानं म्हणले, "अहो, काहीच उचललं न्हाई की!"

वहिनी सैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणल्या, "कसं उचलीन? तुम्ही येणार म्हणून सकाळपासून दोनदा पुसून घेतलं. चारचौघांसमोर कचरा बरा दिसतो का?"

त्या घरी मशीन इकली गेली. पण वहिनी शेवटपर्यंत मशीन लावायच्या आधी एकदा झाडून घ्यायच्या!

*

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचे फोन थांबेनात. नवी केरसुणी तर सगळेच पूजतेत, पण घरात आता ही बी आली. तिला काय करायचं?

एक ताई म्हणल्या, "दादा, हळद-कुंकू मशीनला लावायचं का स्टेशनला?"

मी शेठकडं बघितलं. शेठ म्हणले, "दोघींला लाव म्हणा. सासू-सून हायेत, भांडण नको."

पाडव्याला दुकान उघडलं तर दारात दोन नवरे मशीन काखोटीला मारून उभे! मशीन भिंतीला धडकती, पलंगाच्या पायाला धडकती, भोवऱ्यासारखी एकाच जागी फिरती. सलीमभाईनं उलटी-सुलटी करून बघितली. समोरच्या सेन्सरवर हे एवढं जाड हळद-कुंकू, वर अक्षता चिकटलेल्या!

सलीमभाईनं एका वहिनींना फोन लावला. "भाभी, पूजा करो, बिलकुल करो. कुंकू पीठ पे लगाव ना, आँख में कायकू?"

पुढच्या दिवाळीला सलीमभाई प्रत्येक मशिनीच्या पाठीवर खडूनं गोल काढून द्यायचा. बायांना सांगायचा, "पूजा इधर."

*

आता मंठा गावचं ते गिऱ्हाईक, मंठ्याची पार्टी. शेतकरी माणसं, मोठं घर, खोलीला खोली लागलेली अन् प्रत्येक खोलीला दगडी उंबरठा. लहानी मशीन सोडली, पहिल्याच उंबऱ्यापाशी गेली, डोकं लावलं, मागं फिरली. मोठी सोडली. तिनं जरा चढायचा प्रयत्न केला, पुढची चाकं वर घेतली अन् तिथंच लोंबकळली.

घरचा पोरगा म्हणला, "उंबरे थोडे घासून घेऊ का? मिस्त्री हाय आपल्या वळखीचा."

झालं! माळवदाखाली बसलेले आजोबा काठी टेकत उठले. "उंबरा घासणार? लेका, उंबऱ्यावर पाय देऊ न्हाई म्हणून तुला चापटा मारून शिकवलं, अन् तू घासायलाच निघाला?"

मंग नातसुनेनं वाट काढली. मशीन उचलायची अन् पुढच्या खोलीत ठिवायची. ती खोली झाली की परत उचलायची. आजोबा बघत होते. तिसऱ्या खोलीला त्यांना राहावलं न्हाई.

"का वं," ते मला म्हणले, "आमची सून माप वलांडून आली, नातसून माप वलांडून आली. तुमची ही कोण एवढी लाडाची, की हिला कडेवर घेऊन फिरायचं?"

शेवटी त्यांनी लहानी घेतली. म्हणले, कडेवरच घ्यायची तर हलकी बरी.

*

हा किस्सा हासण्याचा न्हाई, पण आठवला म्हणून सांगतो.

माझी आई एकदा कुंभार पिंपळगावाहून दवाखान्याला आल्ती. नंबर लागायला उशीर होता म्हणून दुकानात आणून बसवली. शेठनं कौतुकानं मोठी मशीन चालू केली. आई मांडी घालून बघत बसली. मशीन पाणी सोडत, पुसत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ रेघा मारत चाललेली.

आई म्हणली, "पुसून तर छान राह्यली. पण सारवती कव्हा?"

सगळे हासले. मीबी हासलो. पण मला आमचं गावाकडचं घर दिसलं. आई शनिवारी सारवायची. शेणाचा हात अर्धा गोल फिरवायची अन् त्याच्या शेजारी दुसरा अर्धा गोल. वाळेपर्यंत आम्हा भावंडांना वट्ट्यावर बसवून ठिवायची. त्या ओल्या सारवणाचा वास नाकात भरला की जेवायच्या आधीच पोट भरल्यासारखं वाटायचं. आता गावीबी फरशी हाय, मीच बसवून दिली. आई म्हणती, सोय झाली. मला इचाराल तर मला त्या वासाची फार चटका लावणारी आठवण येते. मशीन रेघा लई सरळ मारती, पण तिला हात न्हाई.

आईनं जाताना मशिनीला नमस्कार केला अन् शेठला म्हणली, "बाईमाणसाची कंबर वाचवती, पुण्याचं काम हाय."

*

अन् आता कमलकाकूंचं.

प्लास्टर निघालं, हात चांगला झाला. मशीन रोज नऊला निघायची, काम करायची, स्टेशनात जायची. संदीप महिन्या-दोन महिन्याला गाडी घेऊन यायचा, दोन दिवस राहून जायचा. मी आपला निर्धास्त होतो.

एका रविवारी सकाळी संदीपचा फोन. रस्त्यातल्या धाब्यावर थांबून करत होता. चिडलेला होता.

"अंकुशदादा, मशीन पुन्हा बंद! मी जालन्याहून निघालो की हीच बोंब. बाकी महिनाभर बराबर चालते. आता बघा, इथून तीनदा चालू केली. मोबाईलवर येतं, मशीन जमिनीवरून उचलली आहे. आईला विचारलं तर म्हणते मला काय माहीत. म्हणजे तिला एकतर जमत नाही, नाहीतर ती माझ्यापासून लपवते. मी आता पुढच्या खेपेला तिला घेऊनच येतो पुण्याला."

काकूंचं घर त्या मशिनीवर होतं अन् मशीन मी दिलेली! शेठला सांगितलं अन् तसाच पळालो.

दार नुसतं लोटलेलं. आत गेलो तर नाश्त्याच्या ताटल्या तशाच, शेव-पोह्यांचे दाणे फरशीवर सांडलेले. अन् काकू दिवाणावर बसलेल्या. मांडीवर मशीन! दोन्ही हातांनी गच्च धरलेली, अन् मशिनीची चाकं हवेत गरगर फिरून राह्यलेली.

"काकू! हे काय?"

"काय करू मंग?" काकू वैतागून म्हणल्या. "बटन दाबून बंद केली की पोरगं तिकडून चालू करतं. खाली ठिवली की पळती मेली झाडायला. जल्दी दार लोट, हिला बाहीरचं दिसलं की जास्त चेव येतो."

"पण चालू दिऊ न्हाई कामून?"

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी कालच कुठून परदेशातून आलो. "तू बाहीरगावी निघाला की तुझी आई काय लगेच झाडू हातात घेती का रे? पोरगं अजून रस्त्यात हाय माझं."

मी दार लोटून घेतलं. म्हणलो, "मंग त्याला सांगून टाका ना."

"गाडी चालवणाऱ्या लेकराला असलं सांगतं का कोणी? हासण्यावारी नेईन, न्हाईतर मनाला लावून घेईन. पोचल्याचा फोन आला की सोडते मी हिला. येती बिचारी झाडून."

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. संदीपच. "दादा, बघितली? काय बिघाड आहे?"

"बिघाड काही न्हाई," मी म्हणलो. "तू पुण्याला पोचला की आईला फोन कर. मशीन चालू होती."

"म्हणजे?"

"म्हणजे पोचला की फोन कर, संदीप. बाकी काही करायचं न्हाई."

तिकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मंग तो हळू म्हणला, "दादा, मागच्या वेळेला ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद होती."

"पोचल्यावर फोन केल्ता का तू?"

तो म्हणला, "आईला द्या."

काकूंचे दोन्ही हात मशिनीला. मीच मोबाईल त्यांच्या कानाला लावून उभा राह्यलो. तो काय म्हणला ते मला ऐकू आलं न्हाई. पण बराच वेळ बोलत होता. काकू नुसतं हं, हं करत होत्या.

शेवटी म्हणल्या, "बरं, बरं. मला पुण्याला न्यायचं ते राहू दे. तू आधी पोच."