पाण्याचा रकाना

तलावाच्या पारीवरचं ते देऊळ पडलं, त्याच्या आदल्या वर्षीच्या अहवालात मी त्याची स्थिती ‘समाधानकारक’ अशी लिहिली होती. खाली सही साहेबांची होती, पण शब्द माझे होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी साहेबांना नावं ठेवली तर वाचणाऱ्याने ती अर्धीच धरावीत.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून सडक अर्जुनीकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्याने आत गेलं की धानाच्या बांध्या संपतात आणि मोठा जुना तलाव येतो. त्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, काळ्या दगडाचं छोटंसं देऊळ होतं. आत गाभारा, पुढे खांबांचा मंडप, वर दगडी शिळांचं छत. कळस कधीच गेला होता. बाहेर ‘संरक्षित स्मारक’ असं लिहिलेला निळा फलक होता आणि नासधूस करणाऱ्याला काय शिक्षा होईल ते सांगणारा त्याचा खालचा अर्धा भाग गंजून गळून गेला होता. पर्यटक म्हणून तिथे आलेला माणूस मी कधी पाहिला नाही.

मी गोरेगावचीच. नागपूरला प्राचीन इतिहासात एम. ए. केलं आणि गोंदियाला अशी स्मारकं सांभाळणाऱ्या एका कार्यालयात कंत्राटावर लागले. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव तलावात सोडले होते. त्यामुळे देवळापुढे हात जोडायचा प्रश्नच नव्हता. मी खांब मोजायचे, नक्षी बघायचे, फोटो काढायचे. डोळ्यांवर श्रद्धेची झापडं नाहीत, म्हणून आपल्याला सगळं नीट दिसतं, असा माझा तेव्हा समज होता. तो किती फोल होता ते पुढे येईलच.

पारीच्या खाली ढिवरांची पाच-सहा घरं होती. अगदी कडेच्या घरात एक म्हातारा आणि म्हातारी राहायची. तलावात मासे आणि शिंगाडे हे त्यांचं पोट. ओली जाळी ते मंडपात खांबाखांबांना बांधून वाळवायचे आणि शिंगाड्याच्या दिवसांत तिथेच तीन दगडांची चूल मांडून मोठ्या गंजात शिंगाडे उकडायचे. धुराने खांबांची एक बाजू तेलकट काळी झाली होती. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. म्हाताऱ्याला मी चांगलंच सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हातारीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

त्या वर्षी नागपूरला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. जगाच्या वारसायादीत ज्या देशांची स्थळं आहेत, ते देश त्या स्थळांच्या जपणुकीचा अहवाल कसा देतात, हे शिकवायला दिल्लीहून एक बाई आल्या होत्या. दर काही वर्षांनी प्रत्येक देशाला प्रश्नांची मोठी यादी भरून द्यावी लागते. स्थळाची स्थिती कशी आहे, त्याच्यावर कशाकशाचा परिणाम होतोय, देखभाल कोण करतं, माणसं पुरेशी आहेत का. आणि हे सगळं लिहायला बाहेरून कोणी येत नाही, ज्याच्या ताब्यात स्थळ आहे त्यानेच लिहायचं. मी हात वर करून म्हटलं, म्हणजे पेपर लिहिणारेही आपण आणि मार्क देणारेही आपणच की. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ही परीक्षा नाही, डॉक्टरला तब्येत सांगायची आहे, तिथे खोटं बोलून नुकसान कोणाचं होणार. मी ते वहीत उतरून घेतलं.

आमच्या कार्यालयाने उत्साहाच्या भरात ठरवलं की जिल्ह्यातल्या आपल्या लहानसहान स्मारकांसाठीही याच धर्तीचा अहवाल करायचा. मे महिन्यात मी तो फॉर्म घेऊन स्कूटीवरून तलावावर गेले. म्हातारा देवळाच्या छतावर होता. बांबूची शिडी लावून दरवर्षी मिरगाच्या आधी तो वर चढायचा, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. त्याचा बाप करायचा, बापाचा बाप करायचा. शिळांच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट उपटायची, पाणी जायचं दगडी तोंड पाल्यापाचोळ्यातून मोकळं करायचं आणि चुन्यात गूळ आणि बेलाचा गर कालवून सांधे भरायचे. ते झाल्याशिवाय त्या घरातलं नवं जाळं पाण्यात पडायचं नाही.

त्याने मलाही वर बोलावलं. ओढणी कमरेला खोचून मी चढले. एका कोपऱ्यातल्या शिळेवर त्याने माझा हात ठेवला आणि सांध्यात बोट घालायला लावलं. बोट आत गेलं. ही शिळा दोन पावसांपासून खाली बसतेय, म्हणाला. आपल्या चुन्याने आता ती धरणार नाही, मोठा कारागीर हवा, खालून टेकू हवा. माझ्या हातातल्या कागदांकडे बघून त्याने विचारलं, हे कुठे जातं. मी म्हटलं, वर. मग तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“बाई, तुमी बाकी काई बी लिवा. पन पानी लिवा जी. ह्या देवळाले मानूस नाई खाऊन राहिला, पानी खाऊन राहिलं.”

मी लिहिते म्हणाले. आणि कच्च्या फॉर्मवर खरंच लिहिलं.

आमच्या कार्यालयात अहवाल लिहायची एक पद्धत होती. ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, टेबलावर बसून आपोआप येते. ज्या दुखण्याचा जाब आपल्याला विचारला जाईल ते लिहायचं नाही. ज्याचा जाब दुसऱ्याला विचारता येईल ते ठळक लिहायचं. पाणी गळतंय असं लिहिलं, की वरून विचारणा होणार, इतकी वर्षं काय करत होता. जाळी वाळवतात असं लिहिलं, की दोष गावाचा, कार्यालय दक्ष. साहेबांनी माझा कच्चा फॉर्म वाचला आणि मला समजावलं. माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा चढवला नाही.

“मॅडम, पानी का लिखोगे तो सवाल हमसे पूछेंगे. जाल का लिखो, धुएँ का लिखो.”

जूनमध्ये माझं कंत्राट संपत होतं. ते पुढे वाढवायचं की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. त्यांनी तसं सुचवलंही नाही, पण मी मनातल्या मनात सगळा हिशेब केला आणि घाबरले. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी पाण्याचा रकाना कोरा केला. स्थिती समाधानकारक. धोके : स्थानिक रहिवाशांचा वापर, धूर, जाळी वाळवणे, छतावर विनापरवाना वावर. शेवटचं वाक्य साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून घातलं, अहवाल भरीव दिसावा म्हणून.

अहवालांवर कधी काही होत नाही म्हणतात. या अहवालावर झालं. दिवाळीच्या आधीच देवळाभोवती लोखंडी कुंपण उभं राहिलं, फाटकाला कुलूप लागलं. किल्ली गोंदियाच्या कपाटात. जाळी पारीवरच्या बाभळींवर गेली, चूल अंगणात गेली. म्हातारीने एकदा मला विचारलं की आमचं काय चुकलं, आणि मी सांगितलं की नियमच आहे तसा. खांब स्वच्छ झाले. त्यांचे फोटो छान आले.

पुढच्या वर्षी मिरगाच्या तोंडावर म्हाताऱ्याचा फोन आला. नंबर मीच दिला होता.

“पिंपळ मोठा होऊन राहिला जी. मले वरतं जाऊ देत नाई. एक दिवस कुलूप खोलून द्या, आपलं काम करतो अन् उतरतो.”

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, आपणच लेखी दिलंय की छतावर वावर धोकादायक आहे, आता आपणच चढवायचं का. बरोबरच होतं. वाक्य माझंच होतं. मी फोन करून म्हाताऱ्याला सांगितलं की वर कळवलंय, बघतील. त्या आठवड्यात त्याचे आणखी दोन फोन आले. ते मी घेतले नाहीत.

ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला आणि एका दुपारी त्या कोपऱ्यातली शिळा खाली आली. तिच्याबरोबर शेजारच्या दोन आल्या, दोन खांब मोडले आणि गाभाऱ्याची चौकट नक्षीसकट चिरली. पाणी जायच्या तोंडात पाल्याचा बोळा बसला होता आणि छतावर गुडघाभर पाणी साचलं होतं, हे नंतर पंचनाम्यात आलं. त्या वर्षीचा अहवालही मीच टाइप केला. त्यात एक वाक्य आहे : ‘वेळीच उभारलेल्या कुंपणामुळे जीवितहानी टळली.’ ते लिहिताना मला लाज वाटली आणि तरी मी ते लिहिलं.

शिळा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले होते. म्हातारा कुंपणाच्या बाहेर, ओल्या पारीवर बसला होता. मी मनाची तयारी करून गेले होते. तो शिव्या देईल, जाब विचारेल, आणि माझी इच्छाही तीच होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं :

“तुमी तं पानी लिवलं होतं ना जी?”

मी हो म्हणाले.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “मंग त्यायनंच नाई पायलं.” आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. निदान एक माणूस दिलेल्या शब्दाला जागला, असं त्याला वाटलं असावं. त्याच वेळी मी खरं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मला ते जमलं नाही, आणि त्यानंतर ते दिवसेंदिवस अवघडच होत गेलं, कारण त्याने सगळ्या गावाला सांगून ठेवलं की गोरेगावच्या बाईनं लिवलं होतं. मी गेले की लोक खुर्ची आणून द्यायचे. सरपंच माझ्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायचे की नोकरीतली माणसं अशी पाहिजेत. मी खाली मान घालून बसायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा.

मोडलेल्या देवळासाठी मोठा प्रस्ताव करायचा ठरलं, तेव्हा मी प्रशिक्षणातली पुस्तिका पुन्हा काढली. तोवर मी स्वतःची एक समजूत घालून घेतली होती की दोष फॉर्मचा आहे. त्यात धोक्यांना जागा आहे आणि जपणाऱ्या माणसाला जागाच नाही. पुस्तिका उघडली तर प्रत्येक कारणापुढे दोन चौकटी होत्या. एक वाईट परिणामासाठी, एक चांगल्या परिणामासाठी. स्थानिक लोकांचा वापर, याच्यापुढेसुद्धा. उदाहरणही दिलं होतं : परंपरेने होणारी देखभाल. म्हणजे सगळ्या जगाचे देश ज्या कागदावर लिहितात, त्या कागदावर त्या म्हाताऱ्यासाठी चौकट छापलेली होती. मी तिच्यावरून पेन पुढे नेलं होतं.

म्हातारा गेल्या हिवाळ्यात गेला. तापाचं निमित्त झालं. मला कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. मी तिरोड्याच्या एका कामावरून परतताना वाट वाकडी करून म्हातारीकडे गेले. ती अंगणात जाळं शिवत बसली होती. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने माझा हात धरून जवळ बसवलं. थोड्या वेळाने माझ्या पिशवीतली फाइल तिच्या नजरेला पडली.

“थो सारखा म्हने, बाईनं पान्याचं लिवलं. काय लिवलं थे त्याले आयकाचंच होतं. लाजत होता तुमाले म्हनाले. मले तरी वाचून दाखवा ना जी.”

म्हातारीला वाचता येत नव्हतं. फाइलमध्ये तिरोड्याकडच्या एका जुन्या विहिरीची मापं होती. मी ती उघडली, मांडीवर धरली आणि वाचायला लागले. ‘मंडपाच्या कोपऱ्यातील छतशिळेच्या सांध्यातून पाणी झिरपत असून शिळा खाली बसत आहे. तातडीने आधार देणे आवश्यक आहे.’ मी थांबले. ती ऐकत होती. मग मी पुढे वाचलं, पाण्याचं तोंड, पिंपळाची मुळं, चुना, गूळ, बेलाचा गर, त्याने मला छतावर दाखवलेलं एकूण एक. ‘दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ही देखभाल शेजारी राहणारे एक मच्छीमार गृहस्थ विनामोबदला करतात. त्यांच्या घराण्यात हे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. त्यांना अडवू नये. त्यांच्या सल्ल्यानेच पुढील काम करावे.’ इथे मी अडखळले आणि तिला वाटलं, मला त्याची आठवण आली. आठवण आलीच होती.

माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेला तो एकमेव खरा अहवाल. तो कागदावर नाही.

म्हातारीने पदराने डोळे पुसले. अगदी तसंच होतं, म्हणाली, एक गोष्ट सुटली नाही. मग जाळ्याची सुई पुन्हा हातात घेता घेता तिने मला विचारलं :

“येवढं बराबर लिवलं होतं तुमी, तं काऊन नाई आला जी कोनी?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिच्या मते ते सांगू शकणारी मी एकटीच होते. मी म्हटलं, माहीत नाही.