फोनच्या प्रवेशातल्या रिकाम्या ओळी

बारकी माझी सख्खी धाकटी बहीण. आमच्या नाट्यगृहात तिकिटाच्या खिडकीवर बसते. बसते म्हणायचं आपलं, पायाला भिंगरी आहे तिच्या. गिऱ्हाईक चष्मा शोधेपर्यंत ही दोनदा उठून येते. मी तिथलाच सुतार. शाळेशी माझं फार जमलं नाही, पण माझ्या हातचं एक तरी दार रंगमंचावर करकरलेलं दाखवा. आणि ही पोरगीही माझ्याच हाताखाली वाढलीय, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, की नव्या नाटकात बापाचं काम करणारे आमचे काका वाक्यं विसरायला लागले. आडून कुजबुजावं, तर कान मंद झालेले. दिग्दर्शकबाई वैतागून म्हणाल्या, "आता जावयाचं काम करणाऱ्यालाच दाढी चिकटवते आणि बाप करते." काका त्या दिवशी तोंडाचा रंग न पुसताच घरी गेले.

बारकीला ते बघवलं नाही. खिडकीवरचा जुना कॉम्प्युटर तिने विंगेत आणला. मी त्याला असं स्टँड ठोकलं की काकांना स्क्रीन दिसावा, प्रेक्षकांना नाही. दर प्रवेशातली काकांची वाक्यं तिने एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवली, एका ओळीवर एक. मग बॅच फाइल लिहिली. म्हणजे कॉम्प्युटरसाठी एकाखाली एक हुकूम: फाइलच्या सुरुवातीच्या सूचना सोड, खालच्या ओळी उचल, बटण दाबलं की एकेक दाखव. आधी स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीत मराठी अक्षरांऐवजी नुसते चौकोन यायचे, तेही तिने मार्गी लावलं. मी सगळ्या कामगारांना चहा पाजला. म्हटलं, बहीण कुणाची आहे!

दुपारच्या तालमीत फोनचा प्रवेश आला. बाप घर सोडून गेलेल्या मुलीशी बोलतो. मुलगी दिसत नाही, तिचा आवाजही येत नाही. काकांनी रिसीव्हर कानाला लावला, डोळे स्क्रीनवर.

"कशी आहेस? नाही गं, रागावलो नाही. कधी येतेस? बरं, नको येऊस."

एका दमात! मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो, पोरीला बोलू तर द्या!" बाई ओरडल्या.

काकांनी स्क्रीनकडे बोट केलं. "ते थांबतच नाही."

"उद्या सकाळी शेवटचं बघते. नाहीतर दाढी तयार आहे."

संध्याकाळी बारकी ताटावरून तीनदा उठली. दार उघड, दार लाव. डोकं उठलं माझं.

"अगं, बस की जरा!"

"दादा, मुलगी बोलते तिथे मी रिकाम्या ओळी सोडल्या होत्या. मी बटण दाबलं की काहीच दिसणार नाही, काका थांबतील. पण हा हुकूम रिकामी ओळ धरतच नाही. सरळ ओलांडून पुढे जातो."

"मग रिकामी ठेवतेस कशाला? दोन फळ्यांत फट हवी असली की मी मध्ये लाकडाची चिपटी घालतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उष्ट्या हातानेच नाट्यगृहात पळाली आणि प्रत्येक रिकाम्या ओळीत एक ठिपका घातला. युक्ती माझी, हे विसरू नका.

"पण ठिपका ठेवायचा किती वेळ?" परत येऊन म्हणाली. ते मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काकांनाच विचारलं, अगदी कानाशी जाऊन. काका म्हणाले, "मी मान हलवली की दाब."

प्रवेश सुरू झाला. "कशी आहेस?" ठिपका. काका ऐकत होते. मान हलली, बटण. "नाही गं, रागावलो नाही." ठिपका, मान, बटण. "कधी येतेस?" ठिपका.

या वेळी मान हलेना.  मला वाटलं, विसरला म्हातारा, गेलं काम! बारकीचा गुडघा टकटक हलत होता, पण बोट बटणाच्या वर तसंच.

"दाब की गं!" मी दात-ओठ खाऊन म्हटलं.

"थांब दादा. ती अजून बोलतेय."

काकांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. स्क्रीनकडे न बघताच, अगदी हळू म्हणाले, "बरं. नको येऊस."

बारकीने तेव्हा बटण दाबलं.  बाई वहीचं पान उलटून म्हणाल्या, "पुढचा प्रवेश घ्या. आणि ती दाढी परत पेटीत टाका."