तिसरी हाक

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचपट्टीवर जे दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, अशी माझी पक्की समजूत होती. गावी कुणी दारात लिंबू-मिरची टांगली की मी त्यातली मिरची काढून भाजीत टाकायचे आणि आईच्या शिव्या खायचे. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवरही मी खरं तर हसायला येत होते. तुमचे अनुभव वाचून मैत्रिणीला पाठवायचे आणि खाली लिहायचे, "घ्या, अजून एक!" आज माझ्यावर हसायची पाळी तुमची आहे... हसा.

मी अमडापूरची. चिखली तालुका, जिल्हा बुलढाणा. आमचं शेत गावापासून जरा लांब, नाल्याच्या पलीकडे. दाखल्यावर माझं नाव स्वाती असलं तरी घरी सगळे मला छबी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या घरात एक नियम होता. भर दुपारी शेतात कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस असेल तर तिसरी हाक मारतोच. चकवा मात्र दोनवर थांबतो. हा चकवा म्हणजे वाट चुकवणारा. तो ओळखीच्या आवाजात बोलावतो आणि ओ दिली की माणूस त्याच्यामागे भटकत राहतो, असं आजोबा सांगायचे. बाबा बाकी बाबतीत मऊ माणूस, पण या एका नियमाला फार कडक.

"तिसरी हाक आल्याबिगर तोंड उघडू नोको, छबे. मंग मी बोलावून राह्यलो असो का तुही माय."

मी या नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. शेतातलं तण निंदायचा कंटाळा आला की आंब्याखाली लपायचं. आई ओरडून ओरडून थकली की मी साळसूदपणे सांगायचे, "मले वाटलं चकवा हाये." पण गंमत गंमत करता सवय अंगातच मुरली. मोठी झाल्यावरही कुणी हाक मारली की माझं तोंड पटकन उघडत नाही. लॅबमधल्या निम्म्या लोकांना वाटतं, मला कमी ऐकू येतं.

ही लॅब स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात आहे. नोकरीसाठी गेले आणि तिथेच राहिले. तिथल्या हवेबद्दल काय सांगू... आमच्याकडे ऊन म्हणजे ऊन, पाऊस म्हणजे पाऊस. तिकडे एकाच सकाळी चारही ऋतू येऊन जातात. पाऊस वरून नाही, बाजूने मारतो. आणि सगळ्यात लबाड ते समुद्राचं धुकं. लख्ख ऊन पडलेलं असतं, लोक बागेत खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि समुद्रावरून एक पांढरी भिंत सरकत येते. तुमचा चहा संपायच्या आत समोरचं घर गायब!

पण मला हवेपेक्षाही जास्त सलायची ती शांतता. तिकडे कुणी कुणाला हाक मारत नाही. शेजारचा माणूससुद्धा आधी मेसेज करतो. छबी म्हणणारं तर कुणीच नव्हतं. पहिल्या वर्षी मी घरात एकटीच मोठ्याने स्वतःशी वऱ्हाडी बोलायचे. विसरायला नको म्हणून.

विमानाचं वेड मात्र अमडापूरचंच. लहानपणी शेतात उताणं पडून आकाशातल्या पांढऱ्या रेघा बघायचे. बाबा खाली बसून म्हणायचे, "कुठं जाऊन राह्यलं असन हे?" तिकडे गावाबाहेर एक छोटा फ्लाइंग क्लब दिसला, बऱ्यापैकी पगार होता, घरी विचारणारं कुणी नव्हतं... घातलं नाव. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गाडी चालवता येत नाई धड अन् इमान चालवाले निघाली." बाबा तिच्या मागून ओरडले, "चालवू दे, चालवू दे!"

माझी इन्स्ट्रक्टर आयलीन. साठी ओलांडलेली, सडसडीत, तोंडाची फटकळ. ती मला एकाच गोष्टीवरून बोलायची — रेडिओ. विमानात तुम्हाला तुमच्या विमानाच्या कॉलसाइनने, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या नावाने, हाक येते आणि ताबडतोब उत्तर द्यायचं असतं. मी गप्प! दुसऱ्यांदा हाक येईपर्यंत माझा हात बटणावर जायचा नाही. एकदा ती भडकली.

"स्वाती, तू झोपतेस का वर गेल्यावर?"

मी तिला चकव्याची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "इथे भुतं नाहीत. पहिल्या हाकेला उत्तर दे, नाहीतर मी तुला एकटीला कधीच सोडणार नाही." मी महिनाभर घासून सवय मोडली. मोडली असं मला वाटलं.

मग मे महिन्यातली ती सकाळ. आयलीन अचानक विमानातून उतरली आणि म्हणाली, "आता एकटी जा. एक फेरी मार आणि ये." पायलटच्या आयुष्यात हा क्षण एकदाच येतो. त्याच्या आधी मी फोन बघितला होता. त्या दिवशी आमच्या गावात चुलतबहिणीचं लग्न होतं, घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडत होता. सगळे नटलेले, फेटे बांधलेले. मी दोन-चार हार्ट टाकले आणि फोन बंद केला.

उडाले. छान उडाले! डावीकडे वळून समुद्रावर आले. खाली निळं पाणी, बाजूची सीट रिकामी, आणि मी चक्क गाणं म्हणत होते. परत डावीकडे बघितलं तर धावपट्टी नव्हती. क्लब नव्हता, गावही नव्हतं. पांढरी भिंत जमिनीवर चढून बसली होती आणि तिची एक जीभ माझ्याकडे येत होती.

मी सांगू शकत नाही काय वाटलं ते. आयलीनला रेडिओवर बोलावलं... उत्तर नाही. परत बोलावलं. नुसती खरखर. तेवढ्यात काचेवर पांढरं आलं आणि सगळं मिटलं. पंखाचं टोकसुद्धा दिसेना.

मी देवाचं नाव घेणारी नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "बाबा..." आणि परत एकदा, "बाबा, मले काई दिसून नाई राह्यलं."

रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं. हे मला पक्कं आठवतं, कारण दोन्ही हातांनी मी स्टिअरिंग गच्च धरलं होतं.

आणि मग हेडफोनमध्ये आवाज आला. स्वच्छ, एकदम कानाशी. आयलीनचाच आवाज, तिचाच तो करडा इंग्रजी सूर.

"छबे. डावीकडे वळ आणि खाली ये. धावपट्टी मोकळी आहे."

मी डावीकडे बघितलं. धुक्याला भोक पडलं होतं आणि खाली खरंच एक काळी पट्टी दिसत होती, मधोमध पांढऱ्या रेघा. इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. हात बटणाकडे गेला. "हो, येते," म्हणायला तोंड उघडलं... आणि तोंड तसंच राहिलं.

छबे?

त्या देशात हे नाव कुणालाच माहीत नव्हतं. आयलीनला तर नाहीच. ती रेडिओवर कॉलसाइनशिवाय कधी स्वातीसुद्धा म्हणायची नाही.

"छबे!" परत आवाज आला. या वेळी जरा चिडलेला. "खाली ये म्हणते ना."

मी बटण दाबलं नाही. विमानाचं नाक सरळ ठेवलं, वेग वाढवला आणि वर चढत राहिले. कान मात्र हेडफोनलाच लागलेले. तिसरी हाक येऊ दे, तिसरी आली तर वळते, असं मी मनात म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मला ती यायला हवी होती. ती पट्टी फार जवळ होती हो...

तिसरी हाक आली नाही.

थोड्या वेळात मी धुक्याच्या वर, उन्हात होते. आणि एकदम रेडिओ फुटल्यासारखा आयलीनचा आवाज, माझी कॉलसाइन, परत परत. मी उत्तर दिलं. तिने मला आतल्या बाजूच्या मोठ्या विमानतळाकडे पाठवलं. तिथे आकाश स्वच्छ होतं. मी उतरले.

संध्याकाळी आयलीनने नकाशा पसरला. मी कुठे होते ते आम्ही दोघींनी मिळून काढलं. तिथून डावीकडे वळून खाली आले असते तर धावपट्टी नव्हतीच, टेकडी होती. टेकडीवर उंच मोबाइल टॉवर. धावपट्टी तर कितीतरी मागे राहिली होती. "मी तुला सतत बोलावत होते," ती म्हणाली, "पण खाली ये असं एकदाही म्हटलं नाही. अशा धुक्यात कोण म्हणेल?" तिच्या मते रेडिओ मध्येच बिघडला आणि घाबरलेल्या डोक्याने उरलेलं रचलं. मलाही पटलं. भीतीने माणसाला भास होतात, यात नवीन काय? "बाबा" म्हणून ओरडले ते मात्र मी तिला सांगितलं नाही. शरम वाटली. ते मी कुणालाच सांगितलं नाही.

घरीही काही कळवलं नाही. उगाच काळजी कशाला! पण आपल्याकडे लपवालपवी दोन्ही बाजूंनी चालते, हे मी विसरले होते.

दिवाळीनंतर घरी आले. सोयाबीन निघून हरभरा पेरून झाला होता. बाबा वाळले होते. पण खरा धक्का वेगळाच होता — बाबा एकटे शेतात जात नव्हते. जन्म त्या मातीत गेलेला माणूस आपल्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहून विचारत होता, "घर कोनीकडं हाये?" आईला खोदून विचारलं तेव्हा ती डोळ्याला पदर लावून बोलली.

"तुले टेन्शन नोको म्हून नाई सांगितलं. लग्नाच्या दिवशी झालं हे. समदा गाव मांडवात, अन् हे म्हणे भुईमुगाले पाणी देऊन येतो. आलेच नाई."

शेजारच्या शेतातल्या युनूसचाचांना ते सापडले होते. शिवेपलीकडे, एका पडीक विहिरीच्या अगदी काठावर, अनवाणी. चाचांनी मागून मिठी मारून ओढलं. "पोरगी अंदर है, पोरगी अंदर है, एकच बोलून राह्यले होते," चाचा मला म्हणाले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. काही निघालं नाही. थोडा वेळ रक्तपुरवठा कमी पडला असेल, ऊन लागलं असेल, म्हणाले. मला ते पटलं. मी लॅबवाली!

लग्नाचा दिवस म्हणजे तोच दिवस आणि माझी तिकडची सकाळ म्हणजे इथली दुपार, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. योगायोग, दुसरं काय.

दोन दिवसांनी दुपारी ओट्यावर बसलो होतो. आई तूर निवडत होती. बाबांना हसवावं म्हणून मी माझी धुक्याची गोष्ट काढली, रंगवून सांगितली. इंग्रजी बोलणारा चकवा! आई हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं,

"मले काई दिसून नाई राह्यलं, असं म्हणली का तू?"

मी ते सांगितलं नव्हतं. गोष्टीतून तेवढंच वगळलं होतं.

"मोटर चालू करून लिंबाखाली बसलो होतो," बाबा सावकाश बोलायला लागले. "तं त्या पडीक विहिरीकडून तुही हाक आली. बाबा. मी गप राह्यलो. मंग परत आली. बाबा, मले काई दिसून नाई राह्यलं."

"मंग?"

"मंग ओ देल्ली."

"तिसरी हाक आली होती का?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग काऊन देल्ली, बाबा? तुमीच त सांगत होते..."

बाबा माझ्यावर खेकसलेच. "पोरगी म्हणते दिसून नाई राह्यलं, अन् बाप काय तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसन?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. आई घाबरून दोघांकडे बघत होती.

तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून बघितलं आहे. ऊन, रक्तपुरवठा, भास, योगायोग. बाबांनी फोनवर काही ऐकलं असेल का? पण मी कधी बोललेच नव्हते. त्या बंद विमानात मी आणि इंजिन, एवढेच होतो. मला हाका मारणारा आवाज कुणाचा, बाबांना विहिरीकडे नेणारा आवाज माझाच होता की माझा घेतलेला, आणि बाबांनी तिकडे ओ दिली म्हणून माझी तिसरी हाक आली नाही का... मला माहीत नाही. लॅबमध्ये अशा वेळी आम्ही नमुना परत मागवतो. इथे काय मागवणार?

मी रजा वाढवून घेतली आहे. रोज बाबांना शेतात नेते. कधी कधी ते हरभऱ्यात दोन पावलं पुढे जातात आणि थांबतात. वाट हरवल्याचं मला त्यांच्या पाठीवरूनच कळतं. मग हाक येते, "छबे..."

मी पहिल्याच हाकेला ओ देते.

काल बाबा चिडले. "कितीकदा सांगतलं, शेतात तिसऱ्या हाकेची वाट पाह्य म्हून. काऊन नाई पाह्यत?"

"तुमी पाह्यली होती का?" मी विचारलं.

त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला आणि आम्ही घराकडे निघालो.