वीतभर बिनसारवलेली जागा

चिनू आणि ईशा,

कपाट आवरताना माझ्या नोकरीतली सर्वेक्षणाची शेवटची वही सापडली. ती रद्दीत टाकण्याआधी तिच्यातली एक ओळ तुम्हांला सांगायची आहे, कारण ती मी चुकीची लिहिली होती. माझ्या नीटस अक्षरात एका घरापुढे शेरा आहे : 'अंगण अस्वच्छ.'

ते अंगण मावशींचं. सगळी वस्ती त्यांना मावशीच म्हणायची. बोलता बोलता पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून बघायची त्यांना सवय होती. दाबायच्या आणि म्हणायच्या, "आज गप हाय." हे डोंगराबद्दल.

राधानगरीकडे जाताना एका उतारावर ही पत्र्याची घरं होती. पावसात दरड येण्याची भीती. पूर्वी अशी वस्ती सरसकट उठवून लांब नेऊन टाकत. या वेळी धोरण शहाणं होतं. वस्ती तिथेच सुधारायची, डोंगराच्या पाण्याला दगडी गटार बांधायचं आणि जमीन सरकत असेल तेवढीच घरं खाली सपाटीवर हलवायची. कुठली, ते जमिनीच्या भेगा बघून ठरणार होतं.

दिवाळीनंतर आम्ही सर्वेक्षणाला गेलो. वस्ती कशी लखलखीत! प्रत्येक अंगण ताजं सारवलेलं, वर रांगोळी. भेग एकही नाही. मी खुशीत 'सुरक्षित' लिहीत गेले. फक्त वरच्या ओळीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात भिंतीलगत वीतभर पट्टा तसाच उघडा होता. मी शेरा मारला.

"मॅडम, अंगण बघायला आलाय का डोंगर?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे?"

"पावणं येणार म्हणून साऱ्याजणींनी सकाळी शेण फिरवलंय. भेगा सगळ्या खाली गेल्या की!"

मग त्या उकिडव्या बसल्या आणि उघड्या पट्ट्यातल्या भेगेत बोटं घातली. "पावसाआधी करंगळी जात नव्हती. आता दोन बोटं जात्यात."

शेजारीण कुजबुजली नाही. कोल्हापूरकडे कुणी कुजबुजत नाही. ती ओरडलीच, "मावशे, तुजंच घर पयलं हलवत्यात बघ!"

"हलवू द्यात की. घर खाली बांधता येतंय. तुजी पोरं कुठनं आणू मी?"

मी वही मिटली.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. तोवर कुणी सारवायचं नाही, असं बजावून ठेवलं होतं. पोपडे आलेल्या अंगणांची बायकांना एवढी लाज वाटली, की त्यांनी प्रत्येक घरी चहा पाजला. वरच्या ओळीत भेगाच भेगा निघाल्या. उन्हाळ्यात ती सगळी ओळ खाली आली. कोंबडी काखेत मारून सगळ्यांत आधी मावशी उतरल्या.

त्या श्रावणात वरची मोकळी जागा माती होऊन घसरली. तिथे कुणीच नव्हतं.

मी भेटायला गेले, तेव्हा मावशी नव्या घराच्या दारात उभ्या होत्या. अंगठा फरशीवर दाबत होत्या.

"अहो मावशी, खाली सिमेंट आहे."

"व्हय की. पर इचारायला काय जातंय?"

गेल्या वर्षी मावशी वारल्या. वस्ती तिथेच आहे. दगडी गटार वाहतं आहे. आणि आता सगळ्यांत वर उरलेल्या मधल्या ओळीतल्या बायका सणाला अंगण सारवतात, तेव्हा मागच्या भिंतीलगत एक वीत जागा तशीच सोडतात.