भिंतीची मापं

टेलरबाईंची जीभ कात्रीपेक्षा धारदार, असं गल्लीत सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाइकानं कापड कमी आणलं, तर त्या सरळ विचारत, "एक बाही शेजाऱ्यांना देऊन आलात का?" नवरा गेल्यावर ही जीभ आणि एक शिलाई मशीन, एवढ्यावर त्यांनी संसार ओढला. गेली अकरा वर्षं त्या घरामागच्या खाजगी शाळेचे गणवेश शिवत होत्या. दुसरं काम असं नव्हतंच.

आता त्या शाळेचं आणि कोपऱ्यावरच्या शाळेचं हाडवैर. कोपऱ्यावरच्यांनी पाच मजले चढवले, तर यांना पोहण्याचा तलाव हवा झाला, तोही नव्या इमारतीच्या तळघरात. त्यासाठी बाईंच्या मागच्या भिंतीला अगदी खेटून खड्डा खणायला घेतला. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना दुसरी जागा सापडू नये! चौथ्या दिवशी भिंतीला तडा गेला.

खोली एकच. एका अंगाला मशीन आणि कापड बेतायचं टेबल. दुसऱ्या अंगाला, नेमकी त्या भिंतीला लागून, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची खाट. खाट हलवायची तर टेबल काढावं लागणार, आणि टेबल काढलं तर खायचं काय? बाई रोज सकाळी टेप लावून तडा मोजत आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत तारखेसह मांडून ठेवत. लांबी एकतीस, बत्तीस, साडेतेहतीस.

"शाळेत जाऊन बोल गं," सासूबाई म्हणाल्या. "उशीवर माती पडायला लागलीय. मला पळताही येत नाही."

"आजच जाते, आई. खोदाई थांबवल्याशिवाय तिथून उठणार नाही."

वही काखेत मारून त्या शाळेच्या ऑफिसात गेल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत व्यवस्थापक म्हणाले, "बरं झालं आलात. पाचशे मुलं वाढतायत. सगळे गणवेश तुम्हीच शिवायचे. कोपऱ्यावरच्यांच्या नाकावर टिच्चून!"

"सर, आधी हे बघा." बाईंनी वही पुढे सरकवली.

व्यवस्थापकांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "कुठल्या वर्गातली मुलगी ही? आठवड्यात अडीच इंच? काय खाऊ घालतात हो हिला?"

कारकून खो खो हसले. बाईंच्या ओठांवर शब्द आला होता. पण पाचशे गणवेश! आता भिंतीचं काढलं आणि काम कोपऱ्यावरच्यांच्या टेलरकडे गेलं तर? कारकुनांसोबत त्याही हसल्या.

"घरातलीच आहे, सर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली.

घरी आल्या तेव्हा मजुरांची जेवणाची सुट्टी झाली होती.

"बोललीस?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलले."

"खोदाई थांबवली वाटतं. आवाज नाही."

"हो, आई."

"मला ठाऊकच होतं. तू असताना मला कशाची काळजी?" सासूबाई आठ दिवसांत पहिल्यांदाच कुशीवर वळल्या, तोंड भिंतीकडे केलं आणि गाढ झोपल्या.

सुट्टी संपली. पलीकडे यंत्र घरघरलं आणि सासूबाईंच्या केसांवर माती पडली. बाई खाटेजवळ श्वास रोखून उभ्या होत्या. भिंत कोसळेल याची भीती तर होतीच. पण आता सासूबाई डोळे उघडतील, याची जास्त वाटत होती.