उभ्या गाडीचं दुखणं

गाडी आणायला मी साताऱ्याहून एसटीने निघाले. परतताना स्वतः गाडी चालवत यायचं, असा बेत होता. गिरगावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, दादाने, फोन करून सांगितलं होतं, "सुनंदा, माझी गाडी तू घेऊन जा. मला नाही झेपत आता तिचा खर्च." दादाची गाडी छोटी, पण टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. त्याच्या जोरावर इवलंसं इंजिनसुद्धा घाट झपाझप चढतं. अशी गाडी घरबसल्या मिळत असेल, तर मी कशाला नाही म्हणते!

दादरला उतरले आणि टॅक्सीने गिरगावात पोचले. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. चाळीच्या दारातच दादाची गाडी, आणि तिचं बॉनेट उघडून दादा. इंजिन चालू होतं.

"रोज सकाळी दहा मिनिटं चालू ठेवतो," तो कौतुकाने म्हणाला.

"आणि मग?"

"मग बंद करतो."

"फिरवून नाही आणत?"

मी काहीतरी भलतंच बोलले, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "येईपर्यंत जागा राहील का?"

साताऱ्यात अंगणात गाडी लावणाऱ्यांना हे कळायचं नाही. गिरगावात रस्त्यावरची जागा कोणाच्या नावावर नसते; ज्याची गाडी उभी, त्याची जागा. दादाला ही चाळीच्या दारातली जागा चार वर्षांपूर्वी मिळाली आणि तेव्हापासून गाडी फक्त सर्व्हिसिंगपुरती हलली. तेवढा वेळ तिथे जुनी स्कूटर आडवी लावायची आणि शेजारच्यांना गॅलरीतून नजर ठेवायला सांगायचं, असा बंदोबस्त.

वर वहिनीने घावन (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि नारळाचा रस वाढला. तिच्या हातचं घावन म्हणजे विचारूच नका, मी चार खाल्ली. पण गाडीचा विषय निघाला की ती उठून आत जायची. ही गाडी घेतलीच होती तिच्यासाठी. तिचं माहेर गुहागरजवळचं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून एसटीची पायरी तिला चढवत नाही, म्हणून दादाने निवृत्त होताना हौसेने गाडी आणली. त्या गाडीतून ती एकदाही माहेरी गेली नव्हती. आता इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं, अख्खा टर्बो बदला. खर्चाचा आकडा ऐकून दादाने हातच टेकले.

एवढ्या लांबच्या रस्त्याला लागायच्या आधी कोणाला तरी गाडी दाखवावी, म्हणून काळाचौकीच्या परबांकडे जायचं ठरलं. दादाच्या ओळखीतले जुने मेकॅनिक. स्कूटर आडवी लावून आम्ही तिघं निघालो. चालवायला मी. भायखळ्यापर्यंत ठीक चाललं. पुढे खालून जायचं सोडून मी लालबागच्या पुलावर चढले, आणि चढावर गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबावा तर बॉनेटखालून नुसता फुस्स आवाज, ओढ काही नाही. मागे बेस्टची बस हॉर्नवर हात ठेवून.

"गिअर उतरव, गिअर उतरव!" दादा ओरडला.

"उतरवलाय! आता काय मी उतरू?"

मागच्या सीटवर वहिनी खुदकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

रखडत परळला उतरलो आणि वळसा घालून काळाचौकी गाठली. परबांनाही आधी टर्बोच गेलाय असं वाटलं. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं, चहा मागवला, मग ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि वास घेतला. मलाही दिली. पेट्रोलचा वास होता.

"ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलंय बघा," परब म्हणाले. "काका, गाडी पळवता कधी?"

"पळवत नाही. पण रोज चालू करतो," दादा म्हणाला.

"तिथंच गोची झाली. थंड इंजिन पेट्रोल जास्त घेतं. ते तापायच्या आधीच तुम्ही बंद करता. न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल होतं पातळ. टर्बो सगळा त्या ऑइलवर जगतो." मग ते वाकले आणि त्यांनी हवेचा एक रबरी पाइप ओढून दाखवला. त्यावर उंदराचे दात उमटले होते. "आणि हा तुमचा फुस्स आवाज. उभी गाडी म्हणजे उंदरांना घरच ना! टर्बो ठीक आहे. पाइप, ऑइल, फिल्टर बदलतो."

दादाचा चेहरा पाहवेना. चार वर्षं हा माणूस आजाऱ्याला औषध द्यावं तसा रोज सकाळी खाली उतरत होता, आणि दुखणं त्यानेच वाढत होतं. मला त्याची फार दया आली.

काम होईपर्यंत वहिनीला घेऊन मी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत गेले. मिरच्या भाजल्याचा असा ठसका की डोळ्यांतून पाणी. वहिनीने मालवणी मसाला घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "मला एकदाच माहेरच्या दारात या गाडीतून उतरायचं होतं गं. बाकी काही नाही. आता तू नेतेयस ते बरंच आहे. रोज खाली बघायला तरी नको." मसाल्याचं पाणी कुठलं आणि दुसरं कुठलं, ते मी विचारलं नाही.

परत आलो तर गाडी तयार होती. परबांनी बजावलं, "आठवड्यातनं एकदा तासभर मोकळ्या रस्त्याला न्या. लांबून आलात की लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. आणि किलोमीटर झाले नाहीत म्हणून ऑइल लांबणीवर टाकू नका. वेळेवर कराल तर हजारांत भागेल, नाय तर लाखाची गोष्ट."

घरी परतताना मी मुद्दाम दादरपर्यंत गेले आणि प्रभादेवीवरून फिरले. काय पळाली म्हणता! दादा मात्र सारखा घड्याळ बघत होता. गल्लीत शिरल्यावर जागा शाबूत दिसली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

गाडी ठणठणीत झाली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. माझं डोकंच फिरलं.

"मी नाही नेणार," मी म्हणाले. "दादा, तू गाडी घेतलीस की जागा? वहिनीला कधी विचारलंस, तिला यातलं काय हवंय?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किल्ली टेबलावर ठेवून मी पिशवी उचलली आणि दादरहून बस धरली.

बसमध्ये राग उतरला तशी रुखरुख लागली. एक तर चांगली गाडी हातची घालवली, वर थोरल्या भावाला बोलले. आणि मी तरी कोण मोठी शहाणी? आमच्याही कपाटात कधीतरी वापरू म्हणून ठेवलेल्या किती साड्या घडीवरच विरून गेल्या. मिळालेलं जाईल या धास्तीत माणूस ते वापरायचंच विसरतो. दादा काही जगावेगळा नाही.

खंबाटकीच्या अलीकडे बस जेवायला थांबली आणि वहिनीचा फोन आला. मागे वाऱ्याचा मोठा आवाज.

"अगं, तू गेल्यावर हे म्हणाले, परबांनी सांगितलंय तर तासभर फिरवून आणू. घाईत स्कूटर लावायची राहिली. परत येतो तर आपल्या जागेत दुसऱ्याचीच गाडी!"

"अरे देवा! मग?"

"मग काय. हे काचेतून नुसते बघत बसले. मला वाटलं, आता भांडतात. तर म्हणाले, जागा गेलीच आहे, आता थांबून करायचं काय? चल, गुहागरला जाऊ." वाऱ्यातूनही तिचं खुदकन हसू ऐकू आलं. "पनवेल गेलं मागे. अंगावरच्या साडीनिशी निघालेय बघ मी."